हसलेल्या माणसाचे पंचवीस पैसे

१ ऑगस्ट १९८३

शाळेने मला निरोप देऊन आज तीन महिने झाले. निरोपात शाल होती, नारळ होता आणि ड्रिल मास्तर म्हणून केलेल्या बावीस वर्षांच्या सेवेचं कौतुक करणारं भाषण होतं. भाषण करणाऱ्या चेअरमननीच आदल्या आठवड्यात माझी जागा रद्द करण्याच्या ठरावावर सही केली होती. आता माझ्या तासाला मुलं गणिताचं गाईड वाचतात म्हणे. छात्या आत गेल्या तरी चालेल, मार्क बाहेर आले पाहिजेत.

घर सध्या सिंधूच्या तिखटावर चालतं. तिचा भाऊ भिवापूरहून मिरची पाठवतो, ती कांडून आणते, चाळते आणि नागपुरातल्या आमच्या अर्ध्या अजनी वस्तीला विकते. या उद्योगात माझा वाटा म्हणजे दिवसभर शिंकणं.

आज दाताच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत एक जुनं मासिक चाळलं. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने हसलं की रक्त शुद्ध होतं आणि परदेशातल्या कारखान्यांत यामुळे उत्पादन वाढलं, असं त्यात होतं. पुढचं पान कोणीतरी फाडून नेलं होतं, पण मला तेवढं पुरे झालं. हिंगण्याला कारखाने आहेत, कारखान्यांत माणसं आहेत, आणि माणसांना ओळीत उभं करणं माझ्याइतकं या गावात कोणाला जमत नाही. विद्येचं नावही ठरवून टाकलं: हास्य-कवायत.

५ ऑगस्ट

भाव ठरवणं कवायतीपेक्षा अवघड निघालं. सिंधूला तिखटाचा भाव झोपेत विचारला तरी सांगता येतो. हसण्याचा विचारला तर म्हणाली, पावशेराने देणार की किलोने? या बाईला नव्या उद्योगाची दृष्टी नाही. शेवटी एका वेळेचे वीस रुपये ठरवले. त्याहून कमी घेतलं तर लोक विद्या हलकी समजतात आणि जास्त मागितलं तर मला हलका समजतील.

११ ऑगस्ट

दोन कारखाने झाले. पहिल्या ठिकाणी मॅनेजरने विचारलं की पंधरा मिनिटं मशीन बंद राहील त्याचे पैसे मी देणार का. दुसरा बिस्किटांचा. तिथले साहेब फार सुसंस्कृत. पैशांऐवजी तुटकी बिस्किटं न्या म्हणाले. नमुन्याचा पुडा घेऊन आलो. सिंधूने एकही बिस्किट खाल्लं नाही, पण पुडा रिकामा झाला हे खरं. दोष कोणाला द्यायचा ते लिहीत नाही.

१७ ऑगस्ट

जमलं! शेजारच्या खोलीतला कवडू हिंगण्याला पत्र्याच्या बादल्यांच्या कारखान्यात प्रेसवर आहे, चौदा वर्षं झाली त्याला. त्याने तिथल्या हेडक्लार्ककडे माझा शब्द टाकला आणि आज मालक ओमप्रकाशजींनी मला समोर बसवून चहा पाजला.

वीस रुपये ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "देखो मास्टरजी, मी बादली मोजून विकतो. गळकी निघाली तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. तर जो आदमी हँसा, उसका पचीस पैसा. जो नहीं हँसा, उसका नाम लिख के दो."

साठ कामगार. सगळे हसले तर पंधरा रुपये, आठवड्यातून तीनदा. वीसवरून पंधरावर आलो, पण माणूस मला आवडला. न हसणाऱ्याची नावंसुद्धा त्यांना हवीत, याचा अर्थ कामगारांविषयी कळकळ आहे. आमच्या चेअरमनना बावीस वर्षांत एका मुलाचं नाव माहीत झालं नाही.

कवडूच्या बायकोला, भीमाबाईला, सिंधूने पावभर तिखट तसंच दिलं. हा खर्च मी धंद्यात धरला आहे.

२२ ऑगस्ट

पहिला वर्ग. वेळ चहाच्या सुट्टीची. ओमप्रकाशजींनी चहाची सुट्टी रद्द करून त्या जागी हसणं बसवलं आहे. बरोबरच आहे, चहाने पित्त होतं, हसण्याने होत नाही.

मंचाची सोयही मालकांनी केली. शेडच्या टोकाला एक भलं मोठं लाकडी खोकं आलेलं आहे, खिळे ठोकून बंद. त्यावर उभं राहिलं की शेवटच्या ओळीतला माणूसही दिसतो. मी साठ जणांना आधी उंचीप्रमाणे लावलं, बुटके पुढे, उंच मागे, आणि त्याच क्रमाने रजिस्टरमध्ये नावं घेतली. पुढे पहिला नत्थू, मागे शेवटचा आनंदराव, जो खोक्यावर चढलेल्या माझ्या कमरेशी येतो. मग शिट्टी. पहिल्या शिट्टीला हात कमरेवर, दुसरीला छाती भरून श्वास, तिसरीला हास्य, चौथीला विश्राम.

तिसऱ्या शिट्टीला शेडमध्ये जो आवाज झाला, त्याला हसणं म्हणायला मन धजत नाही. एकतीस जणांना हसलेले म्हणून धरलं. सात रुपये पंचाहत्तर पैसे.

१४ सप्टेंबर

प्रगती आहे. काल अठ्ठेचाळीस जण हसले. बाकीचे मात्र तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे उभे. नत्थू तर ओठ मिटून असा बघतो जणू मी त्याच्या ताटातलं उचललं आहे.

सिंधूशी यावरून वाजलं. ती म्हणाली, "सगळ्याइले पास करून टाका ना. तुमचं काय जाते? पैसे बी जास्ती भेटतीन." मी तिला समजावलं की बावीस वर्षांत मी एका मुलाला खोटा मार्क दिला नाही, चेअरमनच्या पुतण्याला लांब उडीत नापास केलं होतं. ती म्हणाली, म्हणूनच घरी बसले. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण नेमकी तेव्हाच शिंक आली.

कवडूची अडचण वेगळीच आहे. तो हसतो, पण माझी दुसरी शिट्टी व्हायच्या आतच. त्याला बाजूला घेऊन समज दिली. म्हणाला, "मास्तर, तुमी त्या खोक्यावर चढले का मले हसू येते. मंग तिसऱ्या शिट्टीपर्यंत पुरतच नाही." हे बेशिस्तीत मोडतं. तरी शेजारी म्हणून दोनदा हसलेला धरला.

मग त्याने विचारलं, "तुमी कायच्यावर उभे राहून राहिले, मालूम आहे का?" खोक्यावर, म्हटलं. तो हात झटकून प्रेसकडे निघून गेला. कवडूचा विनोद कधीकधी मला कळत नाही.

३० सप्टेंबर

ओमप्रकाशजींनी बोलावून घेतलं. महिन्याचं रजिस्टर त्यांनी ओळ न् ओळ पाहिलं. शाळेतल्या एकाही तपासनीसाने माझं रजिस्टर असं पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. मग म्हणाले, जे सर्वांत कमी हसतात त्यांची वेगळी यादी द्या, मी त्यांच्याकडे खास लक्ष देणार आहे. अकरा जण हवेत.

माझ्या हिशेबात नऊच बसत होते. तसं सांगितलं. ते म्हणाले, "ग्यारह. नऊने काम नहीं बनेगा." अकराच का, हे मी विचारलं नाही. मालकाच्या मनात अकरा जणांचा खास वर्ग असावा, आमच्याकडे कच्च्या मुलांचा जादा तास असायचा तसा. जादा तास म्हणजे मलाही जादा पैसे.

दोन नावं कुठून आणायची? घरी येऊन विचार केला. एक वसंत घातला, तो हसताना आवाज करत नाही. दुसरा कवडू. खास लक्ष मिळतंय तर शेजाऱ्याला का नको? कामातून अर्धा तास सुटका होईल, शिट्टीचं वळणही लागेल. त्याच्यापुढच्या सात खुणा खोडून फुल्या केल्या. आयुष्यात पहिल्यांदा मार्क बदलले, पण भल्यासाठी बदलले. कवडूला सांगितलं नाही. यादी लागेल तेव्हा कळेलच.

१६ ऑक्टोबर

दसरा. कवडू घरच्यांना घेऊन सकाळीच दीक्षाभूमीला गेला. येताना आमच्यासाठी चिवडा आणला. सिंधूला तो म्हणाला की यंदा बोनस मिळाला की पोरीचं लग्न ठरवून टाकतो, मुलगा पाहून ठेवला आहे. मी मनात म्हटलं, थांब गड्या, आणखी एक चांगली बातमी येते आहे.

२१ ऑक्टोबर

आज वर्ग झाला नाही.

गेटवर गर्दी होती. नोटीस लागली होती. उत्पादनाच्या नव्या व्यवस्थेमुळे आणि कामात सहकार्याची वृत्ती नसल्यामुळे खालील अकरा कामगारांना कामावरून कमी करण्यात येत आहे. लोक आपसात विचारत होते की ही यादी केली कशी. बिल्ल्याच्या नंबरानुसार नाही, नोकरीच्या वर्षांनुसार नाही, खात्यानुसारही नाही. चौदा वर्षांचा माणूस आहे आणि दोन वर्षांचा सुटला आहे. नावाच्या अक्षरांप्रमाणेही लागत नाही.

मी वाचलं. पहिला नत्थू. शेवटचा आनंदराव. मध्ये सहावा कवडू. उंचीप्रमाणे.

मी गर्दीतून आत गेलो. शेडमध्ये माझं खोकं उघडलेलं होतं, फळ्या बाजूला रचलेल्या. आत हिरव्या रंगाचं मशीन. पुण्याहून आलेला एक माणूस ते पुसत होता. मी विचारलं, याला चालवायला किती लोक लागतात. म्हणाला, एक. आणि आधी? बारा.

बारातून एक गेला की अकरा राहतात. हे मला तिसरीतल्या मुलाने सांगितलं असतं.

२३ ऑक्टोबर

कवडू बाहेर बाजेवर बसून आहे. मी दोन वेळा दारापर्यंत जाऊन परत आलो. भीमाबाई सिंधूला म्हणाली, पोराकडच्यांनी निरोप धाडला, सध्या थांबू. सिंधूला मी सगळं सांगितलं. ती उठून तिखट चाळायला बसली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मला स्वतःची लाज वाटते. हे लिहायला दोन दिवस लागले.

५ नोव्हेंबर

दिवाळी. ओमप्रकाशजींनी मिठाईचा डबा आणि एक पत्र पाठवलं. पत्र इंग्रजीत टाईप केलेलं: मी मनुष्यस्वभावाचा उत्तम पारखी असून माझ्या शास्त्रीय पद्धतीमुळे कारखान्याचा मोठा लाभ झाला आहे. त्यांनी माझं नाव पुढेही सुचवलं. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या क्लबकडून विचारणा आली, एका वेळेचे चाळीस रुपये, हसो वा न हसो.

चाळीस. माझ्या वीसला लोक नाकं मुरडत होते. माणसाची किंमत वाढायला अकरा घरं बसावी लागतात असं दिसतं.

क्लबला अजून उत्तर दिलं नाही. नाही म्हणून लिहिलं नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

१२ नोव्हेंबर

युनियनचे भैयाजी आले. जाडजूड माणूस, बाजेवर बसले तर बाज बोलली. सोमवारी सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे बैठक आहे. मालकाचं म्हणणं, यादी एका बाहेरच्या तज्ज्ञाने कामगारांची वृत्ती पारखून दिली, आमचा त्यात हात नाही.

भैयाजी म्हणाले, "तज्ज्ञ कोन, ते सांगून नाही राहिले. मले वाटते, तुमाले मालूम असन."

मी त्यांना चहा विचारला. ते थांबले. चहा झाला तरी ते थांबलेच. मग मी आत जाऊन रजिस्टर आणलं आणि उंचीचं सांगितलं. त्यांनी नोटिशीची नक्कल काढून बोटाने नाव न् नाव जुळवलं. त्यांनी शिवी दिली असती तर मी घेतली असती. ते फक्त म्हणाले की सोमवारी दहाला या.

१४ नोव्हेंबर

नऊलाच पोचलो. व्हरांड्यात अकराही जण बाकांवर होते. माझ्यासाठी कोणी सरकलं नाही, मी भिंतीशी उभा राहिलो. उभं राहून राहून कानावर पडत गेलं. नत्थूला दमा आहे. हसला की खोकल्याची उबळ येते आणि खोकताना पाहिलं तर कामावरून काढतील म्हणून तो तोंड मिटून उभा राहायचा. आनंदरावाचा बाप ऑगस्टमध्ये गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला तिसऱ्या शिट्टीला हसायला लावत होतो. दोन महिने मी या लोकांची तोंडं पाहिली, आणि एकालाही विचारलं नाही.

अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या, आवाज हळू. ओमप्रकाशजी आणि त्यांचे सल्लागार एका बाजूला. मला पाहून ओमप्रकाशजींनी हसून मान हलवली. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूने आलो.

मी उभा राहिलो आणि सांगितलं की यादीत नऊच नावं खरी होती, वसंत आणि कवडू ही दोन मी अकराचा आकडा भरायला घातली, कवडूच्या खुणा खोडून फुल्या केल्या, माझी चूक झाली. रात्रभर घोकून गेलो होतो. यात कवडू सुटत होता आणि माझी विद्याही शाबूत राहत होती. असं मी बेतलं होतं, खोटं कशाला लिहू.

सल्लागार हुशार. त्याने लगेच पुढे होऊन सांगितलं, मालक मोठ्या मनाचे आहेत, दोघांना उद्याच कामावर घेतो. तज्ज्ञांनीच आता बाकीचे नऊ बरोबर असल्याचं सांगितलं आहे, तेव्हा विषय संपला.

नऊ जणांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

मग कवडू उठला. "बाईसाहेब, आमा दोघाइलेच कामावर नका धाडू. मी हसलो म्हनून चांगला, अन् नत्थू नाही हसला म्हनून वाईट, असं कसं? त्याच्या हातची बादली आजवर गळली नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला विचारलं, "मास्तर, शिट्टीला हसता येणं न येणं यावरून माणूस कसा पारखता तुम्ही? मला दाखवा. इथे हसा."

मी हात कमरेवर ठेवले. छाती भरून श्वास घेतला. अकरा जण समोर बसलेले. आवाज निघाला तो घशात काटा अडकल्यासारखा. पुन्हा प्रयत्न केला, तेवढाही निघाला नाही. इतक्या दिवसांत मी एकदाही स्वतः हसलो नव्हतो, फक्त शिट्टी वाजवली होती, हे तिथे उभं असताना लक्षात आलं.

बाई म्हणाल्या, पुरे, बसा. पण मी बसलो नाही.

"बाई, नऊही खोटे आहेत," मी म्हणालो. "मी तज्ज्ञ नाही. दाताच्या दवाखान्यात मासिकाचं एक पान वाचलं, पुढचं पान फाटलेलं होतं. त्या फुल्यांना काही अर्थ नाही. यांचा चहा बंद करून मी यांना हसायला लावत होतो."

सल्लागार ओरडला की साक्षीदार जबाब बदलतो आहे. ओमप्रकाशजींनी चष्मा काढला आणि पुसू लागले. बाईंनी शांतपणे मला म्हटलं की हे लेखी द्या, हास्य-कवायत ही काही विद्या नाही आणि तिच्यावरून कोणाची पारख होत नाही, असं स्पष्ट. मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेतल्या फळ्यावरचे सुविचार मीच लिहायचो. खाली सही केली, मार्तंड आणि पुढे आडनाव, तारीख.

बाहेर आल्यावर अकराही जण भैयाजींबरोबर निघाले, मी एकटा घरी आलो. सिंधू तिखट चाळत होती, तिला सांगितलं. तिने चाळणी बाजूला ठेवून मला पाणी दिलं.

१९ नोव्हेंबर

खापरखेड्याच्या क्लबचं कार्ड आलं. कार्यक्रम तूर्त स्थगित. त्यांच्यापर्यंत माझा लेखी जबाब पोचलेला दिसतो. हिंगण्यात बातमी कंपनीच्या बसपेक्षा जोरात धावते. सिंधूने विचारलं की आता पुढे काय. मी म्हटलं, तू सांग. तिने मिरचीचं पोतं दाखवलं आणि नाकाला बांधायला फडकं दिलं. देठं खुडताना आज चौदा वेळा शिंकलो.

२४ नोव्हेंबर

भैयाजी सांगून गेले. तडजोड झाली. अकराही जण सोमवारपासून कामावर, आणि चहाची सुट्टी पूर्वीसारखी. मशीन राहणारच, पण त्याच्यावर सध्या यांच्यातलेच लोक पाळीपाळीने शिकतील. पुढचं पुढे. कवडूच्या पोरीच्या लग्नाचं मात्र पोराकडच्यांनी अजून काही कळवलेलं नाही. मी विचारलं, भैयाजी म्हणाले, ते माझ्या हातात नाही.

२८ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे पाचला उठून दारात उभा होतो. थंडी पडली आहे. कवडूने मला माफ केलं असेल असं मला वाटत होतं. का वाटत होतं ते सांगता येत नाही. बोलायचं काय तेही ठरवून ठेवलं होतं.

साडेपाचला तो बाहेर आला. मी म्हटलं, "कवडू." त्याने चप्पल घातली, दाराची कडी लावली आणि माझ्यासमोरून मान वळवून निघून गेला. मला फार वाईट वाटलं. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बघत राहिलो. अंगात धुतलेला खाकी शर्ट होता आणि हातात जेवणाचा डबा.